आठ ते साडेनऊ

एमबीए केलं, तेही ऑनलाइन, असं सांगितलं की आमच्या नागपुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे घरी बसूनच ना?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. कॉलेजात जावं लागलं नाही, पेट्रोल वाचलं, उन्हातान्हात फिरणं टळलं, घर सांभाळून झालं, एवढाच त्याचा हिशेब. मी हो म्हणते आणि विषय बदलते. पण एकदा याचं सविस्तर उत्तर द्यावं असं कधीचं मनात आहे. कारण त्या दोन वर्षांत मला सगळ्यात अवघड गेलं ते घरी बसणंच. फायनान्स जमलं, स्टॅटिस्टिक्सही रडतखडत जमलं. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री आठ ते साडेनऊ आणि रविवारी सकाळी, ठरलेल्या वेळी, आपल्याच घरात एका खुर्चीवर कोणासाठीही न उठता बसून राहणं हे काही केल्या जमत नव्हतं.

मी अमरावती रोडवर, वाडीच्या पुढे एका गोदामात काम करते. साबण, शाम्पू, बिस्किटं, डायपर. माल येतो, उतरतो, रॅकवर चढतो आणि पुन्हा गाडीत भरून निघतो. बी.कॉम. करून बिलिंगला लागले आणि सरकत सरकत डिस्पॅच अंगावर आलं. जीएसटी आला तो १ जुलै २०१७ ला. तोवर कंपन्या जवळपास प्रत्येक राज्यात एक डेपो ठेवायच्या, कारण दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला थेट माल विकला तर केंद्रीय विक्रीकर लागायचा, आणि आपल्याच डेपोला माल पाठवला तर लागायचा नाही. निव्वळ करासाठी उभी केलेली ती छोटी गोदामं मग नकोशी झाली. थोडी, मोठी आणि मोक्याच्या जागी असलेली गोदामं हवी झाली आणि सगळ्यांना एकदम नागपूर आठवलं. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि गुजरातेतून ओडिशाकडे जाणारा ५३ क्रमांकाचा, दोन्ही इथेच एकमेकांना भेटतात. आमच्या गोदामाचे शेड वाढले, गाड्या वाढल्या आणि पुण्याहून, हैदराबादहून एमबीए झालेली पोरं साहेब म्हणून येऊ लागली. हुशार होती, वागायलाही बरी होती. डॉकवर, म्हणजे गाड्या लावून माल चढवतात-उतरवतात तिथे, काय चुकतं ते मला माहीत असायचं, त्यांना ते चार रकान्यांत मांडता यायचं. बढती मांडणाऱ्याची व्हायची.

नोकरी सोडून दोन वर्षं कॉलेजात जाऊन शिकणं माझ्या बाबतीत शक्यच नव्हतं. आमच्या शहरात आयआयएम आहे. २०१५ साली सुरू झालं, २०२२ पासून मिहानमध्ये स्वतःच्या मोठ्या आवारात आहे. सासूबाईंना एम्सला दाखवायला नेताना त्या बाजूला जाणं होतं. पाहून छान वाटतं. पण घरचा हप्ता, पोराची आठवी आणि सासूबाईंचा गुडघा घेऊन कोणी त्या आवारात राहायला जात नाही.

मग फोनवर चौकशी केली. तो फोन करायची देर, पुढचे कित्येक आठवडे मला रोज कोणी ना कोणी ‘मॅम’ म्हणत होतं. प्रत्येकाकडे एक स्कॉलरशिप होती आणि ती नेमकी आज रात्री बारा वाजता संपत होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच रात्री बारा वाजता संपायची. हे समुपदेशक म्हणवणारे लोक विकतात काय, हे कळायलाच मला वेळ लागला. काही जण मोठ्या संस्थेचं नाव घेऊन प्रमाणपत्राचा कोर्स विकत होते. तोही चांगला असू शकतो, पण ती पदवी नव्हे. काही जण विद्यापीठाचे नव्हतेच, मधल्या कंपनीचे होते. ज्याला नोकरीसाठी पदवीच हवी आहे त्याने आधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी उघडावी आणि आपलं विद्यापीठ, आपला अभ्यासक्रम आणि आपलं वर्ष, तिन्ही तिथे आहेत का ते पाहावं. आयोगाची ऑनलाइन अभ्यासक्रमांची सध्याची नियमावली २०२० ची आहे. तिच्यात फ्रँचायझी देऊन पदवी चालवायला मनाई आहे. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल, हेही आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. मी तो कागद छापून घरात ठेवला होता. दिरांच्या सासरकडचे एक काका आहेत, त्यांच्यासाठी.

काका म्हणाले, "आयआयएमचं एमबीए ते एमबीए. बाकी सगळं पत्राचार." आता मुळात आयआयएमना पदवी द्यायचा अधिकार मिळाला तो २०१७ च्या कायद्याने. त्याआधी कित्येक वर्षं तिथून बाहेर पडलेल्या दिग्गजांच्या हातात पदविका होती, एमबीए नव्हतं. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी पोह्यांवर आणखी थोडी तर्री मागून घेतली.

पत्राचार हा टोमणा मला तसा झोंबला नाही, कारण तो आमच्या घरात होऊन गेलेला आहे. माझ्या मोठ्या मावशीने नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं होतं. १९८९ साली निघालेल्या या विद्यापीठाने ज्यांची शाळा-कॉलेजं अर्ध्यात सुटली अशा कितीतरी बायकांना पदवीपर्यंत नेलं, माझ्या ओळखीच्याच काही आहेत. मावशीची पुस्तकंही वेळेवर आली. तिने त्यांना खाकी कव्हरं घातली, नाव लिहिलं, कपाटात नीट लावून ठेवली. मावशी हुशार होती, आळशी तर अजिबात नव्हती. पण कपाटातलं पुस्तक कधी आजच वाच म्हणत नाही. ते उद्याही तिथेच असतं, परवाही असतं. दारात दूधवाला उभा असतो, मावशीचे यजमान जेवायला बसलेले असतात, कोणाचं तरी बाळंतपण असतं. पुस्तक सोडून सगळ्यांना घाई असते. मावशी दुसऱ्या वर्षात थांबली आणि कोणी तिला का थांबलीस असं विचारलंसुद्धा नाही.

मावशीची कव्हरं डोळ्यांपुढे होती म्हणून मी कोर्स निवडताना सगळ्यांना एकच प्रश्न विचारत राहिले, क्लास लाइव्ह आहे की रेकॉर्ड केलेला? फोनवरची मुलंमुली उत्साहाने सांगायची, "मॅम, टेन्शनच नाही, सगळं रेकॉर्डेड, तुमच्या सोयीने पाहा." त्यांना वाटायचं हा त्यांचा हुकमी एक्का आहे. माझ्या सोयीने म्हणजे कधी? माझी सोय कोणाला माहीत आहे? मलाच माहीत नाही. ज्या कोर्सचं वेळापत्रक सगळ्यात आडमुठं होतं, हजेरी लागायची, क्लास बुडाला तर मेल यायचा, तो मी घेतला. फी थोडी जास्त होती.

घरात बाईचा वेळ कोणी हिसकावून घेत नाही. फक्त मागतात, तेही प्रेमाने. निळा शर्ट कुठे आहे, गॅसवाल्याला फोन केला का, जरा इकडे ये, हे सही कर. रेकॉर्डिंग लावून बसले असते तर यातल्या प्रत्येकाला "नंतर पाहशील ना" असं म्हणता आलं असतं आणि त्यावर मला काही उत्तर नसतं, कारण नंतर पाहता येतंच. लाइव्ह क्लासला उत्तर होतं. "सर वाट पाहतात." खरं तर सर कोणाची वाट पाहत नव्हते, शंभराच्या वर लोक होते. पण घरातल्यांना ते वाक्य कळायचं. बाहेरचा एक माणूस, तोही मास्तर, आपल्या घरातल्या बाईसाठी बसला आहे, म्हणजे तिला जाऊ द्यायला हवं. बाईला स्वतःसाठी वेळ हवा आहे हे कारण आमच्याकडे चालत नाही. मास्तराला ताटकळत ठेवू नये हे चालतं. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

सासूबाई मूळच्या अचलपूरकडच्या. पहिल्या आठवड्यात त्या दार उघडून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. स्क्रीनवर सर बोलत होते, माझा कॅमेरा बंद होता.

"काय करून राहिली वं?"

"क्लास आहे आई."

त्यांनी थोडा वेळ पाहिलं. "तो मास्तर तुले दिसते, मंग तू त्याले काऊन दिसत नाही? हे बरं नाही. त्याले वाटन हे पोट्टी झोपली."

याला काय उत्तर देणार? मी कॅमेरा सुरू केला. तेव्हापासून शेवटपर्यंत तो सुरूच राहिला आणि मला वाटतं माझ्या मार्कांत त्याचा वाटा आहे. कॅमेरा सुरू असला की माणूस भाजी निवडत नाही, फोन पाहत नाही, आणि दार उघडून कोणी आत आलं तर तेही सगळ्या वर्गाला दिसतं. महिनाभरात दार उघडायच्या आधी वाजू लागलं. आमच्या घरात त्याआधी फक्त बाथरूमचं दार वाजायचं.

शिकवणाऱ्यांची मात्र मला दया यायची. दीड तास काळ्या चौकोनांशी बोलायचं, प्रश्न विचारायचा, मग ती शांतता. कोणीतरी चॅटमध्ये "येस सर" टाकतं, त्याखाली दहा जण तेच टाकतात. स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम हुशार होत्या. त्या यादीतलं नाव घेऊन सरळ विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत पुढे जायच्या नाहीत. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. गोदामात इंग्रजी लागतं ते मेलपुरतं आणि बिलापुरतं. शंभर लोकांसमोर इंग्रजीत बोलायचं म्हणजे घशाला कोरड. पण तिथे सगळेच आपापल्या गावचं इंग्रजी बोलत होते. गुवाहाटीचं वेगळं, कोचीचं वेगळं. माझं वाडीचं त्यात सहज खपून गेलं.

खरी अडचण भाषेची नव्हती, कूलरची होती. ज्यांनी मे महिन्यातलं नागपूर पाहिलेलं नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. पारा पंचेचाळीसच्या वर, रात्री आठलासुद्धा भिंती तापलेल्या, आणि खिडकीत लोखंडी कूलर, ज्याचा आवाज गच्चीवर विमान उतरल्यासारखा. ऐकायला अडचण नसते, कानात हेडफोन असतो. बोलायचं झालं तर कूलर बंद करावा लागतो. आमचा एक कूलर दोन खोल्यांना हवा देतो. म्हणजे मी वर्गात तोंड उघडणार असेन तर अख्ख्या घराने घाम गाळायचा. मग ठरलं, की मी हात वर केला की मुलगा बटण बंद करेल आणि माझं बोलणं संपलं की सुरू करेल. तो दाराशी बसून माझं भाषण ऐकायचा आणि लांबलं तर चेहरा वाकडा करायचा. थोडक्यात आणि मुद्द्याचं बोलायला मला कोणत्याही कम्युनिकेशनच्या पेपरने शिकवलं नाही, त्या कूलरने शिकवलं.

पहिल्यांदा असा कूलर बंद करायला लावला तो ऑपरेशन्सच्या तासाला. गोदाम कुठे बांधावं हे ठरवायची एक सोपी पद्धत सर शिकवत होते. प्रत्येक गिऱ्हाईक-शहराचं नकाशावरचं स्थान घ्यायचं, तिथे जाणाऱ्या मालाच्या वजनाने त्याला गुणायचं, सगळ्याची सरासरी काढायची. जो बिंदू येईल त्याच्या आसपास गोदाम. उदाहरण म्हणून त्यांनी नागपूरच घेतलं. देशाच्या मध्यावर आहे म्हणून आदर्श, असं म्हणाले. आम्ही लहानपणापासून झिरो माइलचा खांब आणि ते दगडी घोडे दाखवून पाहुण्यांना हेच सांगत आलो आहोत. नकाशावाले त्यावर वाद घालतात तो भाग वेगळा. पण त्याच तासाला सरांनीच शिकवलेल्या सूत्रानुसार देशाचा मध्य कुठे आहे याला काही अर्थच नव्हता, माल कुठे जास्त खपतो याला होता. मुंबई-दिल्लीचं वजन जास्त टाकलं की तो बिंदू झिरो माइल सोडून चालू लागतो. शिवाय सूत्रात एक गोष्ट कुठेच नव्हती, जी आमच्या वाडीतल्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला तोंडपाठ असते. गाडीला परतीचा माल मिळतो का? जिथून गाड्या रिकाम्या परततात तिथलं जाण्याचं भाडं चढं असतं, अंतर तेवढंच असलं तरी. मी एवढंच बोलले. कूलर पुन्हा सुरू झाला. सर म्हणाले, पुढच्या वर्षीपासून हे मी तुमच्या नावाने सांगेन. सांगतात की नाही देव जाणे, पण त्या रात्री जेवताना मुलाने विचारलं, "आई, परतीचा माल म्हणजे काय?" एवढी वर्षं मी गोदामात आहे, त्याने मला कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

त्याच पेपरात रांगांचं गणित आलं आणि तिथे मी अडकले, ती अजून पूर्ण सुटलेली नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे. इतका साधा की वाटतं, यात सिद्ध काय करायचं? यार्डात सरासरी किती गाड्या उभ्या असतील, तर तासाला जितक्या येतात गुणिले एक गाडी जितके तास थांबते. तासाला ६ गाड्या येत असतील आणि प्रत्येक २ तास अडकत असेल तर यार्डात सरासरी १२ गाड्या. आमच्याकडे हॉल्टिंगवरून, म्हणजे गाडी किती वेळ अडकून पडली यावरून, रोज भांडण. ड्रायव्हर म्हणतो सकाळपासून उभा आहे, आमचा माणूस म्हणतो आत्ताच तर आला. मी गेटवरच्या सिक्युरिटीचं रजिस्टर घेतलं, त्यातून तासाला किती गाड्या येतात ते काढलं, दर तासाला खिडकीतून यार्डातल्या गाड्या मोजल्या आणि भागाकार केला. घड्याळ लावून कोणाच्या मागे फिरावं लागलं नाही. आकडा ड्रायव्हरच्या बाजूचा निघाला.

त्यापुढचं गणित मात्र झोप उडवणारं होतं. गाड्या अनियमित येतात, उतरवायलाही कमी-जास्त वेळ लागतो, असा एकच डॉक धरायचा. सगळ्यात साध्या हिशेबात तो डॉक ८० टक्के वेळ कामात असेल तर तिथे सरासरी ४ गाड्या असतात, उतरत असलेली धरून. ९० टक्के कामात असेल तर ९. आणि ९५ टक्के असेल तर १९. काम ८० वरून ९५ वर गेलं, म्हणजे जेमतेम पंधरा टक्क्यांचा फरक, आणि रांग जवळपास पाचपट. आमच्या साहेबांचा नियम होता की डॉक रिकामा दिसता कामा नये. आम्ही सगळे त्यासाठी जिवाचं रान करायचो आणि मग गाड्या का तुंबतात म्हणून मीटिंगा घ्यायचो.

त्या रात्री क्लास संपल्यावर मी ओटा पुसत होते आणि डोक्यात ते ९५ आणि १९ फिरत होते. सकाळी साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत माझ्या दिवसात रिकामं काय होतं? काहीच नव्हतं, आणि ते रिकामं नाही याचा मला अभिमान होता. म्हणून तर पोराला ताप आला की आठवडाभर घर रुळावर येत नसे, पाहुणे आले की दहा कामं मागे पडत, आणि सगळ्यांना वाटायचं, मलाही वाटायचं, की मी कमी पडते. डॉक कमी पडत नव्हता. डॉकला मोकळी जागाच ठेवलेली नव्हती.

ऑफिसात मी एक प्रस्ताव ठेवला. एक डॉक वेळ ठरवून येणाऱ्या गाड्यांसाठी राखून ठेवायचा, गाडी आली नाही तर तो रिकामा राहिला तरी चालेल. ट्रान्सपोर्टवाले हसले. एक जण म्हणाला, "मॅडम, गाडी घाटात बसली तर त्या स्लॉटचं काय लोणचं घालू?" त्याचं बरोबर होतं, आणि तरीही मोठ्या ट्रान्सपोर्टरांच्या गाड्या हळूहळू वेळेवर येऊ लागल्या, कारण वेळेवर आलं की रांग नाही, हे त्यांना दिसलं. साहेबांच्या डोळ्यांना तो रिकामा डॉक अजून खुपतो. ते तिथून जाताना एकदा माझ्या खिडकीकडे पाहतात.

वर्गाचे आणखी छोटे गट पाडत, चार-पाच जणांचे. त्या खोलीत गेलं की पहिली दोन मिनिटं "आवाज येतोय का" यातच जायची. पण माझं अर्धं एमबीए तिथे झालं. तिरुपूरचे एक गृहस्थ होते, बनियन-टीशर्टच्या कारखान्यात मॅनेजर. खेळत्या भांडवलाचं चक्र सरांनी तीन स्लाइडमध्ये शिकवलं होतं आणि आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं. त्यांनी एका मिनिटात सांगितलं. सूत घेतो, सूतवाला १५ दिवस थांबतो. कापड, शिलाई, माल निघेपर्यंत ४०. बाहेरदेशचा गिऱ्हाईक पैसे देतो ९० दिवसांनी. चाळीस आणि नव्वद, वजा पंधरा. ११५ दिवस माझा मालक स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर जगतो, आणि या ११५ दिवसांत लोक त्याला कारखानदार म्हणतात. सगळे हसले. कोचीच्या एका सिस्टर होत्या, मोठ्या हॉस्पिटलात. त्या म्हणाल्या, आमच्याकडे विमा कंपनी हेच करते.

आता यात काय नव्हतं तेही सांगते, नाहीतर मीच त्या फोनवाल्यांसारखी व्हायची. कँटीन नव्हतं. कॉलेजातली मैत्री वर्गात होत नाही, ती टपरीवर होते, आणि आमच्याकडे साडेनऊ वाजता "थँक्यू सर" झालं की पुढच्या क्षणी आपण आपल्या बेडरूममध्ये असतो. कंपन्या कँपसवर येतात, रांगा लागतात, पॅकेजचे आकडे पेपरात छापून येतात, ते यात नसतं, निदान माझ्या कोर्सला नव्हतं. पंचविशीतल्या, नोकरी नसलेल्या मुलाने मला विचारलं तर मी त्याला जमत असेल तर कॉलेजात जा असंच सांगेन. त्याला माणसं हवीत. माझ्याकडे माणसं भरपूर होती, मला त्यांच्यापासून दीड तास हवा होता.

तिरुपूरच्या त्या गृहस्थांना मी एकदाच प्रत्यक्ष भेटले. त्यांची दिल्लीची गाडी नागपूरवरून जात होती. संत्रा बर्फी घेऊन स्टेशनवर गेले. स्क्रीनवर कायम बसलेला माणूस उभा पाहिला की क्षणभर ओळखूच येत नाही. दोघांनाही काय बोलावं सुचेना. मग सुताच्या भावावर बोललो, गाडी हलेपर्यंत.

परीक्षाही घरूनच होती. नियमावलीप्रमाणे वर्षभराच्या कामाला फार तर ३० टक्के, बाकी सगळं सत्रअखेरच्या परीक्षेला. कॅमेरा फिरवून खोली चारी बाजूंनी दाखवायची, टेबलाखालीसुद्धा. मग तीन तास नजर स्क्रीनवर. पहिल्याच पेपराला सॉफ्टवेअर तक्रार करू लागलं, खोलीत दुसरी व्यक्ती आहे. मी एकटी. दार आतून बंद. पुन्हा तेच, दुसरा चेहरा आढळला. मागे वळून पाहिलं तर भिंतीवर शेगावचे गजानन महाराज. चिलीम ओढत, थेट कॅमेऱ्याकडे पाहत. देखरेखीला बसलेल्या व्यक्तीला चॅटवर लिहून कळवलं, तेव्हा पेपर पुढे सरकला. दुसऱ्या पेपराआधी मी सासूबाईंना म्हटलं, तीन तासांपुरता फोटो काढून ठेवू का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टेबल फिरवलं. फोटो तिथेच राहिला आणि त्या वेळी मी त्याच्याकडे तोंड करून बसले. निकाल लागल्यावर श्रेय कोणाला गेलं हे सांगायला नको.

पदवी आली. हुद्दा बदलला, पगार थोडा वाढला, फोनवाल्यांनी सांगितलं होतं त्याच्या जवळपासही नाही. मीटिंगमध्ये मला आता रकाने मांडता येतात. हे सगळं ठीक. मला जे अपेक्षित नव्हतं ते पदवीनंतर लगेचच घडलं. शेवटचा पेपर झाला आणि पुढच्या मंगळवारी आठ वाजता मी रिकामी होते. त्या रात्री मुलाच्या प्रोजेक्टला थर्माकोल कापला. गुरुवारी नणंदेचा फोन आला, तो आठ वाजता आला आणि साडेनऊला संपला. त्यानंतरच्या मंगळवारी गॅस बदलायचा होता. कोणी काही वावगं केलं नाही. दोन वर्षं जपलेला तो दीड तास कसा वाटला गेला ते कळलंच नाही. दार वाजायचंही बंद झालं, कारण दार लावलेलंच नसायचं.

म्हणून मी परवा एका डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या लाइव्ह बॅचला नाव घातलं. सोमवार आणि बुधवार. खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं मला येतं, एक्सेलमध्ये रोजच करते. नवऱ्याने फीची पावती पाहिली आणि विचारलं, "आता हे कशासाठी? एमबीए तर झालं ना?" मी प्रमोशन वगैरे काहीतरी सांगत होते. सासूबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"किती वाजता हाय?"

"आठ ते साडेनऊ."

"मंग साडेसातले जेवून घेत जाय. मागच्या खेपेले दोन वर्षं थंडं खाल्लं."

आणि मुलाला म्हणाल्या, सोमवारी कूलरपाशी तू बसजो.